बौद्धिक अक्षमता असलेल्या आपल्या माणसाला प्रार्थनेत, मिस्सेत आणि संस्कारांत सामील करून घेताना: पालक आणि धर्मशिक्षकांसाठी

"फादर, त्याला काही कळत नाही हो. प्रथम कम्युनियनला बसवून काय करायचं?" कॅथलिक धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या, कार्यालयात हे वाक्य बहुतेक वेळा आईच बोलते. समोरून नकार येण्याआधी तीच नकार देऊन मोकळी होते, कारण शाळाप्रवेशापासून लग्नाच्या आमंत्रणांपर्यंत तिने तो इतक्यांदा ऐकलेला असतो. हा लेख तिच्यासाठी आहे, आणि टेबलापलीकडे बसलेल्या धर्मशिक्षकासाठीही. माझं म्हणणं एवढंच आहे: तुमच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला त्या दिवसापासून तो या घरचा आहे. त्याला शिकवायची पद्धत आपल्याला शोधायची आहे, आणि ती सापडते.

आधी चर्च काय म्हणतं ते पक्कं करून घ्या

कार्यालयात जाताना भावनेबरोबर माहितीही हाताशी असू द्या. मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, आणि तिच्यात ख्रिस्ताचं शरीर म्हणून दिली जाणारी भाकर पहिल्यांदा घेणं म्हणजे प्रथम कम्युनियन. 1910 साली पोप दहावे पायस यांनी त्याचं वय सात वर्षांच्या आसपास आणलं. तेव्हा त्यांनी सांगितलेला निकष साधा होता: मुलाला आपल्या कुवतीप्रमाणे श्रद्धेची मूळ गोष्ट उमगावी आणि ही भाकर रोजच्या भाकरीपेक्षा वेगळी आहे हे ओळखता यावं. आजच्या कॅनन लॉच्या (चर्चच्या कायद्याच्या) 913व्या कलमातही 'कुवतीनुसार' हेच माप आहे. 777वं कलम धर्मगुरूंवर जबाबदारी टाकतं, की शारीरिक किंवा मानसिक अक्षमता असलेल्यांनाही, त्यांच्या स्थितीला झेपेल तसं, धर्मशिक्षण मिळावं.

2007 मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी लिहिलं, की बौद्धिक अक्षमता असलेल्यांना शक्य तेवढं कम्युनियन मिळावं. त्यांच्यासोबत असलेल्या कुटुंबाच्या आणि समुदायाच्या श्रद्धेतही ही माणसं कम्युनियन स्वीकारतात. छपरातून पक्षाघाती माणसाला खाली सोडणारे चौघे आठवा. येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला, असं मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. 2020 साली व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेली धर्मशिक्षणाची मार्गदर्शिका आणखी स्पष्ट आहे: उपासना बुद्धीने समजण्याआधी जगायची असते, म्हणून अक्षमता असलेल्यांना कुणीही संस्कार (बाप्तिस्मा, कम्युनियन असे चर्चचे पवित्र विधी) नाकारू शकत नाही. अमेरिकेतल्या बिशपांनी 2017 मध्ये सुधारलेल्या सूचना तिथल्या धर्मग्रामांसाठी आहेत, पण त्यांतला एक मुद्दा आपल्यालाही उपयोगी पडतो. ही भाकर वेगळी आहे ही ओळख शब्दांत सांगता आली पाहिजे असं नाही. ती हावभावातून, वागण्यातून, आदराने शांत बसण्यातून दिसली तरी पुरते. आणि शंका असेल तर निर्णय त्या व्यक्तीच्या बाजूने घ्यावा.

फादरांची वेळ आठवड्यातल्या मधल्या दिवशी मागा. रविवारच्या मिस्सेनंतर दारात उभ्या उभ्या हे बोलणं होत नाही. मुलाला सोबत न्या. 'हा कम्युनियन घेऊ शकेल का?' असं विचारण्याऐवजी 'याची तयारी कुणी, कुठे आणि कधीपासून करून घ्यायची?' असं विचारा. पहिल्या प्रश्नाला 'नाही' म्हणता येतं, दुसऱ्याला तारीख द्यावी लागते.

माणूस आधी, इयत्ता नंतर

धर्मशिक्षकाने पहिल्या भेटीत वही उघडू नये, घरी जाऊन बसावं. डाउन सिंड्रोम असलेली मुलगी, स्वमग्नता असलेला मुलगा आणि सेरेब्रल पाल्सी असलेला तरुण यांच्यात 'विशेष' हा शिक्का सोडला तर काहीच समान नसेल. सेरेब्रल पाल्सीत पुष्कळदा बुद्धी पूर्ण शाबूत असते आणि फक्त बोलणं अडतं. अशा तरुणाशी बाळबोधपणे बोलणं हा त्याचा अपमान आहे.

आईवडिलांकडून एका पानावर काही गोष्टी लिहून घ्या: काय आवडतं, कशाची भीती वाटते, 'हो' आणि 'नको' तो कसं सांगतो, किती वेळ बसू शकतो, फिट येते का, औषध केव्हाचं, गिळायला त्रास आहे का, स्पर्श चालतो का, संडास-लघवीला मदत लागते का. हे पान नंतर वेदीसेवकांच्या प्रमुखालाही उपयोगी पडतं आणि कॉयरच्या ताईलाही.

भाषेकडे विशेष लक्ष द्या. वसईतल्या कित्येक घरांत कादोडी किंवा वाडवळी बोलतात, चर्चमध्ये प्रमाण मराठी असते आणि शाळेत इंग्रजी. इतर मुलं ही कसरत सहज करतात, या मुलांना ती जड जाते. पहिली प्रार्थना आई ज्या बोलीत जेवायला हाक मारते त्याच बोलीत असू द्या. येशूला कादोडी कळते. मिस्सेतली उत्तरं प्रमाण मराठीतच शिकवावी लागतील, पण ती नंतर, गाण्यासारखी, एकेक करून.

घरची प्रार्थना: इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या

मिस्सेत जे घडतं त्याचं मूळ घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत असतं. आपल्याकडे रोझरीची (जपमाळेच्या प्रार्थनेची) सवय अजून पुष्कळ घरांत टिकून आहे, तिचाच आधार घ्या.

जागा ठरवा आणि ती बदलू नका. वेदीजवळचा एक कोपरा, त्याची स्वतःची चटई किंवा पाट. वेळही तीच. प्रार्थनेची सुरुवात एका ठरलेल्या खुणेने करा, म्हणजे मेणबत्ती लावणं किंवा छोटी घंटा वाजवणं, आणि ते काम त्याच्याकडेच द्या. काड्यापेटी धोक्याची वाटत असेल तर सेलवर चालणारा दिवा चालतो. शब्द येत नसले तरी 'आता प्रार्थना' हे त्याला या खुणेवरून कळतं, आणि काही महिन्यांनी घंटा वाजवायची आठवण तोच तुम्हाला करून देईल.

क्रुसाची खूण पहिली शिकवा. मागे बसून, त्याची परवानगी घेऊन, त्याचा हात हातात धरून कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. समोर उभं राहून शिकवलं तर डावं-उजवं आरशासारखं उलटं होतं आणि पोर गोंधळतं. हळूहळू तुमचा आधार मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत मागे घ्या, शेवटी फक्त खांद्याला हलका स्पर्श. हात वर जात नसेल तर छातीवर अंगठ्याने केलेला छोटा क्रूस ही त्याची पूर्ण खूण आहे. ती कुणी दुरुस्त करू नये.

पन्नास 'नमो मारिया' होईपर्यंत बसायची सक्ती नको. एक दशक, म्हणजे दहा 'नमो मारिया', पुरे. पाच माणसांच्या घरात प्रत्येकाकडे थोडे मणी द्या आणि त्याच्या वाट्याला एकच मणी ठेवा, पण तो रोज त्याचाच. मोठ्या लाकडी मण्यांची माळ बनवून घ्या. बारीक माळ बोटांतून निसटते आणि चिडचिड होते. बोलता न येणाऱ्यासाठी आपला आवाज रेकॉर्ड करून ठेवता येतो: मोबाइलवर किंवा एक बटण दाबून वाजणाऱ्या साध्या यंत्रावर 'आमेन' भरून ठेवा, प्रत्येक प्रार्थनेनंतर तो बटण दाबेल. ते त्याचंच आमेन आहे.

त्यानंतर त्याची स्वतःची प्रार्थना. आजचे फोटो समोर ठेवा: आजी, शाळेची बस, आजारी पडलेला शेजारी, मेलेलं मांजर. तो एक उचलेल, आणि तुम्ही म्हणायचं, 'येशू, आजीला सांभाळ.' मग गप्प बसायचं. ही शांतता मोठ्यांना जड जाते, म्हणून आपण ती बोलून भरून टाकतो. तसं करू नका. या माणसांपैकी कित्येकांना आपल्यापेक्षा चांगलं शांत बसता येतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

मिस्सेची सवय

पहिल्यांदा रिकाम्या चर्चमध्ये न्या. आठवड्यातल्या दुपारी, तिघंचौघंच. पवित्र पाण्यात बोट बुडवू द्या, बाकांना हात लावू द्या, टॅबर्नॅकलजवळचा (कम्युनियनची भाकर ठेवतात त्या पेटीजवळचा) लाल दिवा दाखवा आणि एकच वाक्य सांगा: 'इथे येशू आहे.' प्रत्येक भेटीत तेच वाक्य. मोबाइलवर फोटो काढा: आपलं दार, आपला बाक, आपले फादर, वेदी, घंटा, कम्युनियनची रांग. त्यांचे प्रिंट कडीत अडकवून मिस्सेच्या क्रमाने लावा. छापील चित्रांपेक्षा आपल्याच चर्चचे फोटो लवकर ओळखू येतात. एक टप्पा संपला की तो पान उलटतो, आणि 'अजून किती राहिलं' हे त्याला दिसतं. बेचैनीचं कारण पुष्कळदा तेवढंच असतं.

त्यानंतर आठवड्यातली सकाळची छोटी मिस्सा, आणि मग रविवारची कमी गर्दीची. बसायला पुढचा, कडेचा बाक घ्या. मागे बसलं की दिसतात फक्त पाठी. आवाजाचा त्रास होत असेल तर कानांवरचे हेडफोन खुशाल लावा. धूपाचा उग्र वास, ऑर्गनचा एकदम उठणारा सूर, ईस्टरच्या जागरणविधीतला संपूर्ण अंधार यांची कल्पना आधी द्या. बाहेर पडायची वेळ आलीच तर कुठे जायचं ते ठरलेलं असू द्या, आणि शांत झाल्यावर परत आत या. 'बाहेर' हा मिस्सेचा शेवट होऊ नये.

ज्यांना विचारशक्तीचा पुरेसा वापर करता येत नाही त्यांच्यावर चर्चचा रविवारच्या मिस्सेचा नियम बंधनकारक नाही. म्हणून एखादा रविवार चुकला तर अपराधी वाटून घेऊ नका. पण त्याला यायचा हक्क आहेच, आणि तो हक्क सांभाळायचं काम उरलेल्या बाकांवरच्या आपल्या सगळ्यांचं आहे. मोठ्याने निघालेला एक सूर ऐकून वळून पाहणाऱ्या नजरांमुळे किती कुटुंबं चर्चला येईनाशी झाली आहेत! फादरांनी वर्षातून दोनदा तरी वेदीवरून स्पष्ट सांगावं: 'हा आवाजही आपल्या प्रार्थनेचाच आहे.' मी हे ऐकलं आहे, आणि त्यानंतर बाकांवरची माणसं बदललेलीही पाहिली आहेत.

वर्षातले सण म्हणजे या मुलांचं खरं पाठ्यपुस्तक. आगमनकाळात (नाताळाआधीच्या आठवड्यांत) दर आठवड्याला एक जास्त पेटणारी मेणबत्ती, गोठ्यातलं गवत पसरणं, कपाळावरची राख, झावळ्या हातात घेऊन चालणं, पवित्र गुरुवारी पाय धुणं, शुक्रवारी क्रुसाचं चुंबन. हे सगळं हाताला लागतं, नाकाला कळतं. गुरुवारी ज्या बारा जणांचे पाय धुतात त्यांत एक खुर्ची त्याच्यासाठी मागून घ्या. हरेगावच्या मतमाउलीची किंवा वांद्र्याच्या माउंट मेरीची यात्रा करायची असेल तर मुख्य दिवसाच्या गर्दीऐवजी आडवारी जा. माउली तीच असते आणि तुम्हालाही तिच्याकडे पाहायला सवड मिळते.

प्रथम कम्युनियनची तयारी

घरच्या जेवणापासून सुरुवात करा. एकत्र बसणं, वाढणं, पोळी मोडून दुसऱ्याला देणं. मग प्रभुभोजनाचं चित्र: येशू, टेबल, भाकर, मित्र. 'येशू जेवायला बोलावतो. येशू स्वतःला देतो.' एवढी दोन वाक्यं महिनोन्‌महिने पुरतात. प्रश्नोत्तरं पाठ करून घेण्यात वेळ घालवू नका.

पुढचा भाग अगदी शरीराचा आहे आणि नेमका तोच राहून जातो. होस्ट, म्हणजे कम्युनियनची पातळ चकतीसारखी भाकर, कोरडा असतो, टाळूला चिकटतो, त्याला चव नसते. पोतामुळे तो तोंडातून बाहेर काढणाऱ्या मुलाला लोक 'त्याला कळत नाही' म्हणून मागे ठेवतात, आणि कारण फक्त जिभेचं असतं. सॅक्रिस्टीतून (चर्चमधल्या उपासनेच्या सामानाच्या खोलीतून) अभिषेक न झालेले होस्ट मागून आणा आणि घरी सराव करा: आधी नखाएवढा तुकडा, मग चतकोर, मग अर्धा, लगेच पाण्याचा घोट. सराव करताना दरवेळी सांगा, 'ही नुसती भाकर आहे. चर्चमध्ये फादर देतील तो येशू.' हा फरक रुजवणं हीच निम्मी तयारी. तुकडा कितीही लहान असला तरी त्यात संपूर्ण ख्रिस्त आहे, तेव्हा पूर्ण होस्टचा आग्रह नको. घन पदार्थ मुळीच गिळता येत नसेल तर कॅनन लॉच्या 925व्या कलमाप्रमाणे गरजेच्या वेळी फक्त द्राक्षरसाच्या रूपातही कम्युनियन देता येतं, म्हणजे पेल्यातले चमच्याने दिलेले थेंब. नळीतून आहार घेणाऱ्यांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका.

कम्युनियनआधीच्या एक तासाच्या उपवासाचीही काळजी नको. पाणी आणि औषध चालतंच. आजारी माणसांना आणि त्यांची देखभाल करणाऱ्यांना त्या तासात काही खाल्लं तरी सूट आहे.

तयारी झाली हे ओळखायचं कसं? कम्युनियनच्या वेळी तो एकदम शांत होतो का, पेल्याकडे बोट दाखवतो का, इतरांबरोबर रांगेत जायला आईचा हात ओढतो का, हात जोडतो का, एरवी नसलेलं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर उमटतं का? यांतलं एखादं वारंवार दिसलं की धर्मशिक्षकाने ते फादरांना सांगावं. आईला तर ते केव्हाच दिसलेलं असतं, म्हणून तिलाही विचारावं.

समारंभ शक्यतो बाकीच्या मुलांबरोबरच करा. गर्दी अजिबात झेपत नसेल तर छोट्या मिस्सेत, पण तो पर्याय कुटुंबाने निवडलेला असावा, धर्मग्रामाने सोयीसाठी सुचवलेला नको. टोचणारा पांढरा सूट किंवा झालरींचा फ्रॉक नको. मऊ सुती कपडे आधी दोनतीनदा घालून पाहा. फोटोग्राफरला फ्लॅश बंद ठेवायला सांगा. होस्ट तोंडातून बाहेर आलाच तर घाबरू नका. तळहातावर घ्या आणि शांतपणे फादरांकडे द्या, पुढचं ते पाहतील. हे त्यांच्याशी आदल्या दिवशी बोलून ठेवलं की कुणाची धांदल उडत नाही.

इतर संस्कारांविषयी

पापनिवेदनासाठी चूक म्हणजे काय हे थोडं तरी उमगायला हवं. तसं उमगत असेल तर 'मी मारलं', 'मी सॉरी' अशी चित्रंही चालतात, आणि मदतीला दुभाषी घेता येतो. तो दुभाषी आई असली तरी ऐकलेलं गुप्त ठेवायला ती बांधील आहे. ज्याला हे उमगतच नाही त्याच्याकडून पापं वदवून घेण्याचा अट्टहास करू नये. दृढीकरणासाठी (बाप्तिस्म्यातली श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्कारासाठी) बरोबरीच्या मुलांसोबतच नाव द्या, आणि पुरस्कर्ता, म्हणजे त्या विधीत सोबत उभा राहणारा, असा निवडा जो आईवडिलांनंतरही त्या माणसाच्या आयुष्यात असेल. सणावारी पाकीट देऊन जाणारा श्रीमंत काका इथे उपयोगाचा नाही.

अक्षमता हा आजार नाही, तेव्हा केवळ त्यासाठी रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार) देत नाहीत. ऑपरेशन असेल, प्रकृती गंभीर असेल तेव्हा तो जरूर मागा.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. मूल 'बरं व्हावं' म्हणून एका रिट्रीटवरून (प्रार्थनाशिबिरातून) दुसऱ्या रिट्रीटला, हात ठेवून प्रार्थना करणाऱ्यांच्या एका रांगेतून दुसऱ्या रांगेत नेणं थांबवा. घराण्याचा शाप, आईवडिलांचं पाप, असलं काही कुणी सुचवलं तर तिथून उठून या. योहानच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य एका जन्मांध माणसाविषयी हाच प्रश्न विचारतात, आणि येशूचं उत्तर स्वच्छ आहे: यानेही पाप केलं नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. दर वेळी 'याला बरं कर' एवढंच ऐकत वाढलेल्या मुलाला एकच गोष्ट कळते, की आपण जसे आहोत तसे देवाला चालत नाही.

काम द्या, आणि मोठेपणी विसरू नका

अर्पणाच्या वेळी होस्टचं तबक नेणं, दारात पत्रकं वाटणं, मिस्सेआधी मेणबत्त्या लावणं, कॉयरमध्ये ताल धरणं, कोपऱ्यावरच्या क्रुसापाशी मे महिन्यात प्रार्थना असते तेव्हा फुलं वाहणं. काम खरं असावं आणि दर आठवड्याला तेच असावं. 'जागतिक अपंग दिनी' 3 डिसेंबरला एकदा पुढे बोलावून टाळ्या वाजवणं म्हणजे सहभाग नव्हे.

प्रथम कम्युनियनपर्यंत सगळ्यांना उत्साह असतो. चाळिशीतल्या माणसाकडे कुणी फिरकत नाही. त्याला मुलांची चित्रं आणि बाळगाणी देऊ नका. त्याला मोठ्यांची भक्तिगीतं द्या, क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाची प्रार्थना) द्या, वसईच्या संत गोन्सालो गार्सियाची गोष्ट द्या. आणि आईवडील जातात तेव्हा 'त्याला त्रास होईल' म्हणून त्याला शेजाऱ्यांकडे पाठवू नका. अंत्यविधीला न्या, शवपेटीला हात लावू द्या, 'आई वारली, ती परत घरी येणार नाही, ती येशूकडे आहे' असं सरळ सांगा. 'झोपली' म्हटलं तर तो रात्री झोपायला घाबरेल. 2 नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्ती लावणं हे पुढे त्याचं काम होऊ शकतं.

सुरक्षितता

बोलू न शकणाऱ्या माणसावर अत्याचार झाला तर तो सांगणार कसा? म्हणून एकट्या प्रौढाने बंद खोलीत शिकवायचं नाही. नेहमी दोघं, दार उघडं. स्वच्छतागृहाची मदत कोण करणार ते पालक ठरवतील. 'नको' ही खूण प्रार्थनेच्या आधी शिकवा आणि ती मिठीच्या वेळीही पाळा. व्यक्ती कितीही पवित्र मानली जात असो, नियम तेच. बौद्धिक अक्षमता असलेल्यांसोबत राहण्याची लार्श चळवळ 1964 साली सुरू करणारे ज्याँ व्हानिए जगभर संतासारखे पूजले गेले. त्यांनी अनेक प्रौढ स्त्रियांचं लैंगिक शोषण केल्याचं 2020 आणि 2023 मध्ये त्या संस्थेनेच प्रसिद्ध केलेल्या अहवालांतून समोर आलं. त्या स्त्रियांना बौद्धिक अक्षमता नव्हती, तरी त्यांचा आवाज इतकी वर्षं दबून राहिला.

धर्मग्रामात गट सुरू करायचा असेल तर

शिकागोत 1960च्या दशकात सुरू झालेल्या स्प्रेड या, बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या धर्मशिक्षणाच्या उपक्रमाची मांडणी आपल्याकडे सहज करता येते: छोटा गट, आणि प्रत्येक व्यक्तीमागे एक कायमचा सोबती. आधी थोडा वेळ हाताने करायचं शांत काम, मग मेणबत्ती, एक वचन, प्रत्येकाच्या नावाने एक वाक्य, आणि शेवटी सोबत खाणं. 1971 च्या ईस्टरला फ्रान्समधल्या लूर्डच्या यात्रेतून जन्मलेल्या फेथ अँड लाइट या चळवळीत आईवडील आणि मित्रही गटातच असतात, हे मला फार मोलाचं वाटतं, कारण थकलेल्या आईलाही कुणाशी तरी बोलायचं असतं.

सोबती म्हणून पदवीपेक्षा धीर असलेली माणसं शोधा. निवृत्त आजोबा आणि कॉलेजची मुलं दोघंही चालतात. महिन्यातून दोनदा भेटणं पुरे, पण सोबती बदलू नका. विभागप्रमुखांना सांगून प्रत्येक वस्तीत अशी किती माणसं घरात बसून आहेत त्याची यादी करा. त्यांतली काही नावं फादरांनाही नवी असतील. धर्मशिक्षणाचं वर्ष जूनमध्ये शाळांबरोबर सुरू होतं, तेव्हा ही यादी आणि सोबत्यांची पहिली बैठक ईस्टरनंतर लगेच, मे संपायच्या आत उरका. घरोघरी भेटीला जाताना पहिल्या खेपेला अर्ज, फॉर्म काही नेऊ नका. बसा, चहा घ्या, आणि त्या मुलाला त्याच्या नावाने हाक मारून विचारा, की रविवारी माझ्याशेजारी बसशील का.